दोन्ही डोळे एकाच दिवशी

माझी नणंद पद्मावती, म्हणजे आमची अक्का, हिच्याशी मी चाळीस वर्षं भांडत आले आहे. नणंद-भावजयीचं पटू नये अशी रीत आहे आणि आम्ही ती मनापासून पाळली. ती माझ्या वरणाला नावं ठेवते, मी तिच्या घोरण्याला. हैदराबादच्या चिक्कडपल्लीत बाजारामागच्या गल्लीत, एकाच जिन्यात, समोरासमोर आमची दारं आहेत, आणि दोघींचेही नवरे गेल्यापासून ती दिवसभर उघडीच असतात. तेव्हा मी जे सांगणार आहे ते माया करून फुगवून सांगते आहे असं कुणी समजू नये. मी जामबागेतल्या शाळेत बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. उत्तरं फुगवून लिहिणाऱ्यांचे मी मार्क कापत असे.

अक्का मोती ओवते. तिचे यजमान एकनाथराव पत्थरगट्टीतल्या एका मोत्याच्या दुकानात हिशेबाला होते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ते घरी एक पुडी घेऊन आले आणि 'बघ जमतंय का' म्हणाले. तिला जमलं. तेव्हापासून आता एकाहत्तरावं लागलं तरी ती खिडकीशी पाट टाकून, पांढऱ्या फडक्यावर मोती पसरून बसते. हैदराबादेतल्या जुन्या मराठी घरांतल्या नथी, कुड्या, तन्मणी, चिंचपेट्या निम्म्या तरी तिच्या हातच्या आहेत. पुण्याहून इकडे नोकरीला आलेल्या मुलीसुद्धा लग्न ठरलं की तिच्याकडे येतात आणि फोनमधला फोटो दाखवून 'सेम असंच हवं' म्हणतात. अक्का तो फोटो बघतसुद्धा नाही. मुलीचं नाक बघते आणि कामाला लागते.

कामात तिचे काही कायदे होते. दोऱ्याच्या टोकाला डिंक लावून ते ताठ करायचं, सुई वापरायची नाही. ऊन तिरपं झालं की काम बंद. आणि सगळ्यात कडक कायदा जोडीचा. कुड्या करायच्या तर दोन्ही एकाच बैठकीत, एकाच पुडीतल्या मोत्यांच्या, एकाच उजेडात. एक आज आणि एक उद्या केली की दुसरीचं पाणी वेगळं दिसतं, गाठ वेगळी बसते, आणि कानात घातल्यावर बाई वाकड्या मानेची वाटते, असं ती म्हणे. एकदा एक कुडी पुरी झाली आणि दुसऱ्या कुडीचे चार मोती राहिले असताना वीज गेली, आभाळ भरून आलं. अक्कानं पुरी झालेली कुडीसुद्धा उसवली. मी म्हटलं, अक्का, हा वेडेपणा आहे. ती म्हणाली, "हौ, आहे. तू तुझे बेडूक काप."

तीन वर्षांपूर्वी तिला दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. आधी तिनं सुताराला दोष दिला. मग एक दिवस मला हाक मारून म्हणाली, "त्रिवेणी, मधला मोती कुठं जायलाय? कडंचे दिसायलेत आणि ज्याच्याकडं बघते तोच दिसंना." हे मोतीबिंदूचं लक्षण नव्हतं. तो तर दोन्ही डोळ्यांचा आधीच काढून झाला होता.

डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास खर्चून नीट समजावलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो त्याचा मधला भाग वयानं झिजत चालला आहे. डावा जास्त, उजवा कमी. झीज हळू आहे. थोपवायला गोळ्या आहेत, चांगला दिवा आहे, भिंग आहे. गेलेलं परत आणणारं औषध मात्र आज नाही. पेशींवर जगभर काम चाललं आहे, आमच्याकडेही चाललं आहे, पण ते अजून तपासण्याच्या पायरीवर आहे. दर सहा महिन्यांनी येत चला.

बाईंनी जे सांगितलं ते सगळं खरं होतं. अक्कानं त्यातला एकच शब्द घरी आणला. नाही.

आता माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळानं मला व्याख्यानाला उभं केलं होतं. विषय मीच निवडला, स्टेम सेल. निवृत्त शिक्षकाला माईक मिळाला की काय होतं ते सांगायला नको. मी म्हणाले, आपलं शरीर दुरुस्तीचं सामान बरोबर घेऊनच जन्माला येतं. बोट कापलं तर कातडी भरून येते, रक्त रोज नवं होतं, कारण तिथं या मूळ पेशी बसलेल्या असतात. त्या स्वतःसारख्या आणखी पेशी करतात आणि गरज पडेल तशी दुसरी पेशीही घडवतात. म्हातारपण म्हणजे काय, तर हे सामान संपत येणं, आणि जे उरलंय त्याचंही मन कामात नसणं. डोळ्याचा पडदा, मेंदू, हृदय इथं तर ते सामान जवळजवळ नाहीच. पण उद्या शास्त्रज्ञ ते बाहेर तयार करतील आणि पडदासुद्धा नव्यानं शिवतील! टाळ्या पडल्या. अक्का पहिल्या रांगेत बसली होती. तो 'उद्या' किती लांबचा ते सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

अक्काचा मुलगा युवराज गच्चीबोवलीत कुठल्याशा कंपनीत आहे. आईवर जीव आहे त्याचा, आणि मराठी वाचताना तो अजूनही जोडाक्षराला अडखळतो. त्यालाच ते क्लिनिक सापडलं. फोनवर एक चित्रफीत आली होती, तिच्यात एक आजोबा इंजेक्शननंतर पेपर वाचत होते. "मामी, आईच्याच बॉडीमधले सेल्स घेतात. बाहेरचं काहीच नाही. तू तर हेच शिकवायचीस ना?" तो म्हणाला. मी म्हटलं, आधी बघून येऊ.

क्लिनिक झकपक होतं. काचेची दारं, माशांची पेटी, भिंतीवर सायकल चालवणारे पांढऱ्या केसांचे नवराबायको. डॉक्टर चाळिशीचे, आवाज लोण्यासारखा. पोटावरची थोडी चरबी काढायची, दोन-तीन तास यंत्रात फिरवून तिच्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करायच्या आणि त्या डोळ्यात सोडायच्या, असं त्यांनी हसत हसत सांगितलं. "आपकेच सेल्स हैं अम्मा, फिर डर किस बात का?"

मी विचारलं, "पोटातल्या पेशीला कसं कळतं की आपण आता डोळ्यात आलो आणि पडदा व्हायचंय?"

ते म्हणाले, "मॅडम, सेल्स आर व्हेरी इंटेलिजंट."

नववीतल्या पोरानं हे उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण मी अक्काकडे पाहिलं. ती पुढं सरकून बसली होती आणि त्या माणसाच्या तोंडाकडे उजवा डोळा रोखून बघत होती. इतकी आशा मी तिच्या चेहऱ्यावर एकनाथरावांच्या आजारपणातही पाहिली नव्हती. मी पुढचा प्रश्न गिळला.

डॉक्टर म्हणाले, आधी डावा डोळा करू, महिन्याभरानं उजवा. तेवढ्यात अक्का ताठ झाली.

"नक्को," ती म्हणाली. "दोन्ही एकाच दिवशी."

युवराज म्हणाला, "आई, डॉक्टर सांगतायत ना."

"एकाच पोटातलं, एकाच दिवशी काढलेलं, दोन्हीला एकदम घाला. महिन्यानं दुसरी पुडी दुसऱ्या पाण्याची निघंल. मग एका डोळ्यानं एक रंग दिसायचा, दुसऱ्यानं दुसरा. मी मोती कसे निवडू?"

युवराजनं हे जमेल तसं हिंदीत सांगितलं. मला वाटलं, डॉक्टर आता हसतील किंवा चिडतील, डोळे म्हणजे कुड्या नव्हेत असं काहीतरी म्हणतील. त्यांनी समोरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. "ठीक है अम्मा, दोनों कर देते हैं. अगले मंगलवार."

तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली. पेशंटनं हट्ट धरला म्हणून ज्याचा बेत दोन मिनिटांत बदलतो, त्याच्याकडे मुळात बेत होता कुठे?

त्या संध्याकाळी आमचं जे भांडण झालं तसं चाळीस वर्षांत झालं नव्हतं. मी म्हटलं, अक्का, तुमचा उजवा डोळा अजून चालतोय. त्या डोळ्यानं तुम्ही अजून मोती ओवता, जिना उतरता, युवराजचा चेहरा बघता. तो पणाला लावू नका. डाव्यानंसुद्धा कडेचं दिसतंय, भिंत कळते, माणूस कळतो. ते काय कमी आहे?

"तुला दिसायलंय म्हणून बोलायलीस," ती म्हणाली. "मला रोज एक मोती कमी दिसतो. रोज! तू मोजायलीस का?"

"पण हे लोक..."

"तूच म्हणालीस ना भाषणात? पडदा शिवतील म्हणालीस. मी टाळी वाजवली होती."

शेवटी तिनं मला शपथ घातली, की आता मध्ये दुसऱ्या कुणाला आणायचं नाही. मीही ती घालू दिली, त्याचं कारणही सांगून टाकते. माझी एक विद्यार्थिनी आहे सायली, डोळ्यांच्या पेशींवरच संशोधन करते, इथंच, हैदराबादेत. तिला एक फोन केला असता तर सगळं कळलं असतं. पण ज्या मुलीला मी अमीबा काढायला शिकवलं तिला मी काय विचारायचं? शपथ आयतीच मिळाली आणि माझा ताठा तिच्यामागे लपला.

मंगळवारी सकाळी नऊला आम्ही क्लिनिकात होतो. अक्कानं नवं लुगडं नेसलं होतं आणि जाताना मला म्हणाली, "परत येताना तुझं तोंड नीट दिसंल, पावडर तरी लाव." दहा वाजता तिला आत नेऊन पोटातली चरबी काढली. युवराजनं सह्या केल्या होत्या त्या कागदांचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता. एकवीस पानं, बारीक इंग्रजी. त्यानं एकही वाचलं नव्हतं, सॉफ्टवेअर उतरवताना 'मान्य' दाबतात तसं करून मोकळा झाला होता. मी चष्मा चढवून वाचायला लागले.

अकराव्या पानावर लिहिलं होतं की हा उपचार प्रायोगिक आहे. चौदाव्यावर, की उपयोग होईल याची हमी नाही. सोळाव्यावर, की दृष्टी कमी झाल्यास किंवा पूर्ण गेल्यास केंद्र जबाबदार नाही. मी पुन्हा पहिल्या पानापासून शोधलं. प्रयोग असेल तर कुठल्या समितीनं परवानगी दिली, नोंद क्रमांक काय, यातलं एक अक्षर कुठंही नव्हतं. आणि प्रयोगच असेल तर पेशंटकडून त्याचे पैसे कसे घेतात? साडेदहा वाजले होते. इंजेक्शन एक वाजता होतं.

मी बाहेर येऊन सायलीला फोन लावला. बंद. अकराला लावला, बंद. पावणेबाराला तिच्या प्रयोगशाळेत लावला, तर कुणी मुलगी तेलुगूत म्हणाली, मॅडम आत आहेत, पेशी वाढवायच्या खोलीत फोन नेत नाहीत, निरोप देते. मी म्हटलं, सांगा, त्रिवेणी टीचरचा फोन आहे, एका बाईचे डोळे जातायत. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, चहावाला कप विसळत होता, आणि मी घड्याळाकडे बघत उभी होते. आयुष्यात कधी नव्हे ते मला माझ्या अहंकाराची किळस आली.

बारा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. मी एका दमात सगळं सांगितलं. सायलीनं एकदाच मध्ये तोडलं.

"टीचर, दोन्ही? एकाच दिवशी?"

"हो गं."

"टीचर, ऐका. चरबीतली पेशी पडदा होत नाही. ती डोळ्यात जाऊन व्रणासारखं जाळं करू शकते, ते आकसतं आणि पडदा ओढून उचकटतं. असं झालेलं आहे, लोक आंधळे झालेत. आम्ही इथं खऱ्या पडद्याच्या पेशी तयार करायला दहा वर्षं घासतोय, तरी माणसाच्या डोळ्यात घालताना आधी एकच डोळा, तोही ज्यात गमवायला काही उरलं नाही असा. तुमच्या अक्कांच्या डाव्यातही अजून खूप आहे. एकही नको. दोन्ही नको, एकही नको. त्यांना उठवा आणि घरी न्या."

एकही नको. हे शब्द मी स्पष्ट ऐकले, तिच्याच आवाजात, दोनदा.

युवराज खाली गाडीपाशी ऑफिसच्या फोनवर होता. मी एकटीच जिना चढून आत घुसले. नर्स 'आंटी, आंटी' करत मागे आली. अक्का पलंगावर आडवी होती, डोक्याला निळी टोपी, पोटावर पट्टी. दोन्ही भुवयांच्या वर शाईनं एकेक फुली केली होती. डॉक्टर बाजूला हातमोजे चढवत होते.

"कोण? त्रिवेणी?" तिनं मान वळवली.

सबंध जिना चढताना मी मनाशी घोकत होते, चला घरी, चला घरी. पण तिच्यासमोर उभी राहिले आणि मला ती पहिल्या भेटीतली अक्का दिसली, ताठ बसलेली, कुणाचं न ऐकणारी. ही नाही ऐकणार, मी ठरवूनच टाकलं. सगळं मागितलं तर काहीच मिळणार नाही. बेगमबाजारात मी आयुष्यभर घासाघीस केली आहे. समोरचा हटत नाही असं दिसलं की अर्ध्यावर सौदा करायचा, ही माझी सवय.

मी तिचा हात धरला आणि तिच्या कामातलीच गोष्ट काढली. "अक्का, जुना तन्मणी दुरुस्तीला येतो तेव्हा तुम्ही सगळ्या सरी एकदम तोडता का?"

"नाही," ती म्हणाली. "कायको तोडीन?"

"का नाही तोडत?"

"एक सर तशीच ठेवायची. तिच्याकडं बघून दुसरी ओवायची. सगळ्या तोडल्या तर मूळ कसं होतं ते कुणाला कळणार?"

"मग डोळे काय नवे आहेत तुमचे? जुनाच दागिना आहे. जोडीचा कायदा नव्या कामाला. हे दुरुस्तीचं काम आहे. एक सर राहू द्या."

तिनं माझ्या हातावर दुसरा हात ठेवला. तो थंडगार होता.

"बरं," ती म्हणाली. "एकच करा म्हण त्यांना."

डॉक्टर म्हणाले, "एक ही? नो प्रॉब्लम अम्मा." त्याच लोण्याच्या आवाजात. दोन म्हटलं तरी हो, एक म्हटलं तरी हो. "कौनसा?"

अक्का माझ्याकडे वळली. "तूच सांग. तुला कळतं."

"डावा," मी म्हटलं.

नर्सनं कापूस घेतला आणि उजव्या भुवईवरची फुली पुसली. बाहेर बाकावर बसल्यावर मला वाटलं, मी जिंकले. खरंच सांगते, अर्धा तास मला तसंच वाटत होतं.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी तिला डाव्या डोळ्यासमोर काजळीचे कण उडताना दिसले. क्लिनिक म्हणालं, चांगलं लक्षण आहे, पेशी कामाला लागल्या. नवव्या दिवशी पहाटे दार वाजलं. अक्का उंबऱ्यावर उभी होती, उजवा डोळा तळव्यानं झाकून. "त्रिवेणी, मी ह्या डोळ्यानं तुझ्याकडं बघायली," ती म्हणाली. "तू आहेस का तिथं?"

मोठ्या इस्पितळातल्या त्याच डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आत रक्तस्राव झाला होता, पडदा सुटला होता, त्यावर जाळं धरलं होतं. त्यांनी दोनदा शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या वेळी बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तोंडावरचा मास्क काढला नाही, नुसती मान हलवली. युवराज जिन्यात बसून हुंदके देऊन रडला. मी त्याला जवळ घेतलं नाही, मला ते सुचलंच नाही. आम्ही तक्रार केली, कागद दिले, दोनदा साक्षीला गेलो. क्लिनिकची पाटी एक दिवस उतरली आणि तिथं आता केस उगवून देणारं दुसरं कुणी आलं आहे. तक्रारीचं अजून चालू आहे.

उजवा डोळा मात्र शाबूत आहे. अक्का आता सकाळचे दोनच तास बसते, भिंग लावून, आणि मोठे मोतीच घेते. गिऱ्हाइकाला आधीच सांगते की पाणी थोडं उन्नीस-बीस होईल, चालत असेल तर ठेवा. नातेवाइकांत माझं नाव झालं. बिदरहून तिची जाऊ आली ती म्हणाली, त्रिवेणी होती म्हणून एक डोळा राहिला, नाहीतर पद्मावती ठार आंधळी झाली असती. मी मान डोलावली. अक्का सुपारी कातरत राहिली.

गेल्या महिन्यात सायली घरी आली. अक्काच्या पायाशी बसून तिनं तिच्याकडे एक मागणं मागितलं. दंडावरची मसुराएवढी कातडी. तिच्यातल्या पेशींना प्रयोगशाळेत उलटं चालवून पुन्हा अगदी सुरुवातीच्या, कोवळ्या पेशी करता येतात, आणि मग त्यांच्यापासून डोळ्याच्या पडद्याच्या पेशी घडवता येतात. अक्काला जो आजार आहे तो या पेशींत कसा सुरू होतो ते बघायचं आहे. अक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझाच पडदा तुझ्या बशीत वाढणार?"

"हो, अक्का."

"आणि मला देणार?"

"नाही," सायली म्हणाली. "तुम्हाला नाही. तुमच्या हयातीत होईल की नाही, मला माहीत नाही. झालं तर पुढच्या कुणाला तरी."

मला वाटलं, अक्का आता तिला हाकलून लावेल. ती म्हणाली, "बरं. कधी येऊ?"

ठरल्या दिवशी आम्ही दोघी गेलो. बाहेरच्या बाकावर बसवून एका मुलीनं संमतीचा कागद दिला, इंग्रजी आणि तेलुगू. अक्का म्हणाली, "सही नंतर. आधी तू सगळं वाच. मराठीत सांग. एक ओळ सोडू नको." मी वाचायला लागले. समितीचं नाव, नोंद क्रमांक, कुणाकडे तक्रार करायची त्याचा फोन. दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, या अभ्यासातून तुम्हाला स्वतःला कोणताही फायदा होणार नाही.

"परत वाच," ती म्हणाली. मी परत वाचलं.

"हा कागद खरं बोलायलाय," ती म्हणाली. मग समोरच्या भिंतीकडे बघत ती बोलायला लागली. आवाज रोजचाच होता, 'दूध उतू गेलं' म्हणावं तसा.

"त्या दिवशी मी लई घाबरले होते त्रिवेणी. पोटात आग पडली होती. त्यानं डोळ्यावर फुल्या मारल्या तेव्हा तर वाटलं, उठून पळावं. पण एवढं सगळं करून आता नक्को कसं म्हणायचं, युवराजला काय वाटंल. तेवढ्यात तू आत आलीस. मला वाटलं, बरं झालं, ही मला घरी न्यायला आली."

मी कागद खाली ठेवला.

"मग तू एक करा म्हणालीस. मी म्हटलं, हिला एवढं कळतं. ही एक करा म्हणती, म्हंजे त्यात काहीतरी असंलच." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तू चला म्हणाली असतीस तर मी आले असते."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. चाळीस वर्षं जी बाई माझ्या वरणातलं मीठसुद्धा सोडत नव्हती तिनं हे दीड वर्ष पोटात ठेवलं होतं. एकही नको, सायलीनं दोनदा सांगितलं होतं. ते दोन शब्द घेऊन मी तिच्या पलंगापर्यंत गेले होते आणि तिथं उभं राहून मी सौदा केला. तिचा हात थंड होता, माझ्या हातात होता, तरी मला कळलं नाही की ती भ्यायली आहे.

"पुढचं वाच," अक्का म्हणाली.

मी वाचलं. तिसरं पान, चौथं पान, एक ओळ न सोडता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते मी पुसलं नाही. मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. तिला ते दिसत नव्हतं.